सतरा त्रिक एक्कावन्न

दुपारचं जेवण झाल्यावर खटावकर सर खाटेवर आडवे होतात, ते झोपायला म्हणून नव्हे. बसून राहिलं तर समोरच्या भिंतीकडं बघावं लागतं, आडवं झालं की आढ्याकडं. फरक तेवढाच. चैत्राचं ऊन आहे. वडूजसारख्या गावात या वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नाही.

लाइट जाते. पंखा लगेच थांबत नाही. आधी त्याचा आवाज जातो, मग वारा, मग गरगरणाऱ्या वर्तुळातून पाती सुटी सुटी दिसायला लागतात. एक. दोन. तीन. पुन्हा एक. सर मोजत राहतात. चौतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेल्या माणसाला हलणारी वस्तू न मोजता बघता येत नाही. कुठल्यातरी फेरीत दोननंतर तीन येत नाही, आणि त्या न आलेल्या तीनच्या जागी शिवणयंत्राचा आवाज येतो.

तो आवाज या घरातून जाऊन आठ महिने झाले. सरांची बायको मालन गेली आणि पंधरा दिवसांनी तिची धाकटी बहीण विमल मागच्या गल्लीतून येऊन मशीन घेऊन गेली. सरांनीच ने म्हणून सांगितलं होतं. विमलकडचा आवाज इथवर कसा येईल, असं ते स्वतःला विचारतात, आणि विचारता विचारता नववी 'ब'च्या वर्गात उभे असतात.

वर्ग रिकामा आहे. फळा पांढरा आहे आणि हातातला खडू काळा. याचं सरांना नवल वाटत नाही. नवल वाटतं ते शेवटच्या बाकाचं, कारण तिथं मालन बसलीय. बाकावर मशीन ठेवून ती काहीतरी शिवतेय. केस बोटभर वाढलेत, औषधांचे फेरे संपल्यावर उगवले होते तसे, शाळकरी पोरासारखे.

"उशीर केलात," ती मान वर न करता म्हणते.

"मालन, अगं..."

"हजेरी घ्या आधी."

सर हजेरीपुस्तक उघडतात. नावांच्या जागी आकडे आहेत.

"एकतीस."

"हजर."

"तीनशे एकतीस."

"हजर."

आवाज वेगवेगळ्या बाकांवरून येतो, पण दरवेळी मालनचाच. तीन हजार तीनशे एकतीस हजर आहे. तेहतीस हजार तीनशे एकतीस हजर आहे. सर पुढं वाचत जातात. सातवा आकडा तीन कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस, तोही हजर. आठव्यावर बोट ठेवतात आणि पुस्तक मिटतात.

"एक राहिला की," मालन म्हणते.

"पान संपलं."

"संपलं नाही. तुम्ही मिटलंत."

या आकड्यांची हकिकत अशी.

मालन सातवी शिकलेली. शिंप्याच्या घरातली पोर, शिंप्याच्याच घरात दिलेली. सासरे मशीनवर बसायचे, त्यांच्यामागं ती बसली. अर्ध्या गावाच्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती. सव्वातीन इंचात दोन चुण्या कशा बसवायच्या, हे ती बोलता बोलता सांगायची, पण कागदावर हिशेब मांडा म्हटलं की तिला घाम फुटायचा. नवरा गणिताचा मास्तर, तरी लग्नानंतर तीस वर्षं दोघांत गणिताचा शब्द निघाला नव्हता. मग तिच्या छातीत गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, औषधांचे फेरे झाले, आणि डॉक्टर म्हणाले, आता दर तीन महिन्यांनी तपासणीला या.

पहिल्या तपासणीला मालन बाकावर बसली होती आणि तिचे गुडघे एकमेकांवर आपटत होते. धीर देण्याचे शब्द सरांकडं कधीच नव्हते. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि फायलीच्या पाठीवर ३१ लिहिलं.

"याला कशानं भाग जातोय का बघ."

"आता?"

"आताच. दोननं बघ, तीननं बघ, पाचानं बघ. सहा सक छत्तीस होतात, म्हणजे त्याच्यापुढं बघायचं कारण नाही."

तिनं बघितलं. कशानंच भाग जाईना.

"अशा आकड्याला मूळ संख्या म्हणतात," सर म्हणाले. "एक आणि तो स्वतः, याशिवाय त्याला कुणी तोडू शकत नाही."

"म्हणजे हट्टी आकडा," मालन म्हणाली आणि जरा हसली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. रिपोर्ट स्वच्छ आला.

परतीच्या एस.टी.त तिनं विचारलं, "पुढच्या खेपेला कुठला?"

सरांनी ३१ च्या डावीकडं आणखी एक तीन लिहिला. ३३१. हा सतरापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचा होता. मालननं चारशे पानी वही आणली, घरी चार दिवसांत सगळं करून टाकलं. कशानंच भाग गेला नाही. रिपोर्टही स्वच्छ. मग ३३३१. मग ३३,३३१. दरवेळी एक तीन वाढत गेला, दरवेळी भागाकार वाढत गेले, आणि दरवेळी आकडा टिकला. सहाव्या खेपेला पावणेतीनशेच्या वर भागाकार झाले. सातव्या खेपेला साडेसातशेच्या वर. रोज आठ-नऊ भागाकार, ब्लाउजांच्या घड्या बाजूला सारून, कटिंगच्या टेबलावर. कुणी बाई माप द्यायला आली तर मालन म्हणायची, "थांब गं, चारशे एकवीसनं चाललाय." पूर्वी घाम फुटणारी बाई ती हीच, हे सरांना बघूनही खरं वाटायचं नाही. त्यांना वाटायचं, तीस वर्षं हे घरात होतं आणि आपण इतरांच्या पोरांना शिकवत बसलो.

सात आकडे, सात स्वच्छ रिपोर्ट. दोघांनी कधी उच्चारलं नाही, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं घराच्या भिंतींनासुद्धा वाटायला लागलं होतं.

आणि सरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की आठवा आकडा टिकत नाही.

कॉलेजात असताना एका प्राध्यापकांनी ही माळ फळ्यावर मांडली होती. एकतीसपासून सात आकडे मूळ. पोरं म्हणाली, म्हणजे सगळेच मूळ असणार. प्राध्यापक म्हणाले, आठवा करून बघा. ३३,३३,३३,३३१. याला सतरानं भाग जातो. मोठ्या, कुणाला न सापडणाऱ्या संख्येनं नव्हे, सतरानं. नंतर सरांनी स्वतः पडताळलं होतं, की तिथून पुढं दर सोळा आकड्यांनी तो सतरा परत येतो आणि माळ पुन्हा तोडतो. सात वेळा खरं ठरलं म्हणून आठव्यांदा खरं ठरेल असं समजू नका, हे ते दरवर्षी नववीला सांगायचे. फायलीच्या पाठीवर ३१ लिहिला तेव्हा त्यांना वाटलं होतं, दोन-तीन खेपांत ती कंटाळेल.

सातव्या रिपोर्टच्या रात्री घरी आल्या आल्या मालननं नवी वही काढली, वर आठवा आकडा लिहिला आणि मोठ्यानं वाचला. "तेहतीस कोटी, तेहतीस लाख... अहो! हा तर देवांचा आकडा. तेहतीस कोटी देव! याला कोण भागणार?"

दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा. सातव्याच भागाकाराला ती पोचणार होती. उद्या दुपारच्या आत.

"हा तू करू नको," सर म्हणाले. "दोन हजारांवर भागाकार होतील. मी तपासलाय. मूळच आहे."

"खरं?"

"खरं."

तिनं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं आणि वही मिटली. तीन महिन्यांनी आठवी तपासणी झाली. काळजात, म्हणजे यकृतावर, डाग निघाला. त्यापुढं ती चार महिने होती. आकड्याचं नाव तिनं काढलं नाही, सरांनीही नाही. ती गेल्यावर सरांनी ती वही उघडली. पहिल्या पानावर आकडा होता, खाली कोरं. पान उन्हात तिरकं धरून बघितलं, पेन्सिलीनं लिहून खोडल्याची खूण दिसते का. दिसली नाही. पण कोऱ्या पानावरून काय कळतं? सतराचा भागाकार काय, तिनं जुन्या पेपरच्या कोपऱ्यावर केला असेल. मनात केला असेल.

आकड्यानं माणूस मरत नाही, हे सरांना कळतं. त्यांना खात होतं ते वेगळंच. तिनं करून बघितलं असेल, तर तिला एका दुपारी दोन गोष्टी कळल्या असतील. माळ तुटली, आणि नवरा खोटं बोलला. आणि ते दोन्ही घेऊन ती शेवटचे महिने त्यांच्या शेजारी गप्प झोपली असेल.

वर्गाच्या खिडकीतून फिनेलचा वास येतो. बाक तेच आहेत, पण आता ते दवाखान्याच्या बोळात भिंतीला लावलेत, आणि सर मालनच्या शेजारी बसलेत. बोळाला शेवट दिसत नाही. दोन्हीकडं एकसारखी दारं, एकाही दाराला कडी नाही.

"कितवा नंबर आपला?" सर विचारतात.

"आपला नाही. तुमचा. माझा झाला."

"दुखतं का गं अजून?"

"कुठं?" मालन खरंच आठवून बघते. "दुखायला जागा लागते."

"मग तिथं काय असतं?"

"मशीन नाही. कापड नाही. कुणाची मापं घ्यायची नाहीत." ती मांडीवरचे हात उलटे करून तळवे बघते. "हातांना काम नाही, एवढंच. दुसरं काही सांगण्यासारखं नाही."

सर तिच्या तळव्यांकडं बघतात. आठ महिने ते कुठंतरी असं धरून चालले होते, की मेल्यानंतर निदान कंटाळा नसेल.

"मालन, मला तुला एक सांगायचंय."

"एस.टी. लागली," ती म्हणते आणि उठते.

खरंच लागलीय. बोळातच उभी आहे, आणि ते चढतात तेव्हा ती चालू लागलेली असते. गाडीत कंडक्टर नाही. पुढं ड्रायव्हरच्या सीटवर कुणी बसलंय का, हे सर बघायचं टाळतात. विट्याच्या बाजूचा माळ आहे, ओळखीचा, पण माळावर एकही झाड नाही आणि उन्हाला सावलीच नाही. मालन खिडकीशी बसलीय. नेहमी ती सरांना खिडकी द्यायची.

रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा दगड येतो. वडूज ३.

"आलं की," सर म्हणतात.

दुसरा दगड येतो. वडूज ३.

"मोजा," मालन म्हणते.

तिसरा, चौथा. प्रत्येकावर तीनच. गाडी पळतेय, मागचा माळ मागं जातोय, आणि गाव तेवढंच लांब राहतंय. पाचवा दगड गेल्यावर सरांच्या लक्षात येतं की हे दगड काय लिहीत चाललेत. ते दांडी घट्ट धरतात.

"गाडी थांबव म्हणावं."

"कुणाला म्हणू?"

सहावा. सातवा.

"मालन, ऐक. तो आकडा. तुला मी सांगितलं होतं..."

"काय सांगितलं होतंत?"

आठवा दगडही जातो. तीन. सरांना बोलायचंय. वर्षानुवर्षं ज्या तोंडानं 'सिद्ध करा' म्हटलं, त्याच तोंडातून चार शब्द बाहेर पडत नाहीत. मालन खिडकीबाहेर बघतेय. तिच्या मानेवरचे बारीक केस वाऱ्यानं हलत नाहीत.

नववा दगड येतो. त्यावर एक आहे. गाडी थांबते.

उतरतात ते थेट घराच्या पुढच्या खोलीत, जिथं ती शिवायला बसायची. टेबल आहे, टेप आहे, खुंटीला अर्धवट ब्लाउज लटकलेत. फक्त रस्त्याकडचं दार नाहीये, तिथं भिंत आहे. सर भिंतीला हात लावून बघतात. भिंत गार लागते.

"शर्टाचं बटण कुठं गेलं?" मालन विचारते.

सर खाली बघतात. अंगात शाळेचा पांढरा शर्ट आहे आणि छातीवरचं बटण नाही. तिथं दोन धागे लोंबतायत.

"असू दे."

"असू दे काय? असं फिरता गावात? लोक म्हणतील, बाई गेली आणि माणसाची रया गेली."

"म्हणू देत. खरंच आहे ते."

ती डबीतून बटण काढते, सुईत दोरा ओवते. आयुष्यभर ओवायची तसा, न बघता, जिभेवर टोक ओलं करून. मग ती सरांच्या अगदी समोर येऊन उभी राहते. तिच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास आहे. औषधांचा नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा सरांना रडू येतं, आणि स्वप्नातही ते तोंड फिरवतात.

"तोंडात दोरा धरा," मालन म्हणते. दोन बोटांएवढा तुकडा ती दातानं तोडते आणि पुढं करते.

"कशाला?"

"अंगावर शिवतेय ना. अंगावरचं शिवताना तोंडात दोरा धरायचा असतो. न धरता शिवतात ते मेलेल्या माणसाच्या अंगावर."

सर त्या दोऱ्याकडं बघतात. पांढरा, साधा. मग म्हणतात, "मग तसंच शिव."

मालनचा हात थांबतो.

"नको मला तो दोरा. तसंच शिव," सर पुन्हा म्हणतात. "काय करू मी तिथं जाऊन? सकाळी उठतो, विमल डबा आणते, दुपारी आडवा होतो, पंखा मोजतो. पोरगं रविवारी पुण्याहून फोन करतं, जेवलात का विचारतं. जेवलो म्हणतो. मला इथंच राहू दे. बसतो तुझ्या शेजारी. हातांना काम नसलं तरी चालेल."

"गुरुजी," ती म्हणते. गणित शिकायला लागल्यापासून ती त्यांना अशी हाक मारायची, आधी चेष्टेनं, मग सवयीनं. "तोंड उघडा."

"मालन."

"उघडा म्हणते ना."

ती त्यांचा जबडा धरते, लहान पोराला औषध पाजताना धरतात तसा, आणि दोरा दातांत कोंबते. तिची बोटं थंड नाहीत, गरमही नाहीत. "आता बोलायचं नाही. बोललात तर पडेल."

सर ओठ मिटतात.

सुई खालून वर येते. मालन बटणाकडं बघत, तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागते. पहिल्यांदा सरांना वाटतं, टाके मोजतेय. मग शब्द कळतात.

"तेहतिसात सतरा एकदा. बाकी सोळा."

हा आठव्या आकड्याचा भागाकार आहे.

"वरून तीन घेतला. एकशे त्रेसष्ट. सतरा नवे एकशे त्रेपन्न. बाकी दहा." सुई वर, सुई खाली. "वरून तीन. एकशे तीन. सतरा सक एकशे दोन. बाकी एक."

तिचा आवाज शांत आहे. चारशे एकवीसनं चाललाय, म्हणायची तो आवाज. सरांना तिचा हात धरायचाय, पण हात बाजूला लोंबतायत, शिवून टाकल्यासारखे.

"वरून तीन. तेरा. तेरात सतरा जात नाही. शून्य." या वेळी ती सुई टोचते, पण दोरा ओढत नाही. सुई कापडातून आत जाते आणि छातीला लागते. दुखतं.

"वरून तीन. एकशे तेहतीस. सात वेळा, बाकी चौदा. एकशे त्रेचाळीस. आठ वेळा, बाकी सात. त्र्याहत्तर. सतरा चोक अडुसष्ट, बाकी पाच."

ती थांबते. पहिल्यांदाच मान वर करून सरांकडं बघते. त्या नजरेत राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. दुःख असतं तरी चाललं असतं. ती नुसती बघतेय, उत्तर बरोबर आलं की वहीवरून मान वर करायची तशी.

"शेवटचा एक घेतला," ती म्हणते. "एक्कावन्न. सतरा त्रिक एक्कावन्न."

मग ती वाकते, बटणाशी तोंड नेते आणि दातानं दोरा तोडते. क्षणभर तिचे ते बोटभर केस सरांच्या हनुवटीला लागतात.

"बाकी काही नाही," मालन म्हणते.

म्हणजे तिला माहीत आहे. पण कधीपासून? मेल्यावर सगळंच कळतं म्हणून आता कळलं, की तेव्हाच, त्या वहीच्या पहिल्या दुपारी? आठव्या तपासणीच्या बाकावर ती त्यांच्या शेजारी बसली होती तेव्हा गुडघे आपटत नव्हते. अगदी शांत बसली होती. सरांना तेव्हा वाटलं होतं, आपल्या शब्दावर विश्वास ठेवून शांत आहे. ती कशानं शांत होती? त्यांना फक्त एक शब्द विचारायचाय. कधी? एवढं कळलं की पुढचं काय वाटेल ते सोसायची त्यांची तयारी आहे.

मालन सुई डबीत ठेवते. डबी बंद करते. पाठ फिरवून भिंतीकडं चालू लागते, जिथं दार नव्हतं. तिथं अजूनही दार नाही, पण ती चालत राहते, आणि खोली तिच्यामागून लांबत जाते.

बोललात तर पडेल, असं ती म्हणाली होती. सर दात घट्ट धरतात. तिचा पदर आता हातभर लांब आहे, आता वर्गाच्या शेवटच्या बाकाएवढा लांब, आता बोळाच्या टोकाएवढा. कधी, मालन? कधी कळलं तुला? शब्द जिभेवर तयार आहे. सर ओठ उघडतात.

खोलीत ऊन आलेलं आहे. पंखा फिरतोय. लाइट कधी आली कुणास ठाऊक. सर खाटेवर आहेत, आणि त्यांचे ओठ उघडे आहेत. शब्द बाहेर पडलेला नाही. समोर ऐकायला कुणी नाही.

ते पडल्या पडल्या छाती चाचपतात. अंगात बंडी आहे. बंडीला बटण नसतं.

"दाजी?" पुढच्या दारातून विमलची हाक येते. "चार वाजले. चहा ठेवू ना? दूध आणलंय मी."

सर उत्तर द्यायला जातात आणि थांबतात. जिभेला काहीतरी लागतं. दातांच्या फटीत काहीतरी अडकलंय. दुपारच्या भाजीतलं असेल, म्हणून ते दोन बोटांनी ओढतात. ते ओढलं जातं, आणि येतच राहतं.

तळव्यावर दोऱ्याचा तुकडा आहे. पांढरा, दोन बोटांएवढा, ओला. एक टोक कात्रीनं कापल्यासारखं सरळ नाही, पिंजलेलं आहे.

"दाजी, ऐकलं का? बरं वाटतंय ना?"

विमलची पावलं जवळ येतात. सर उठून बसतात. त्या तुकड्याकडं एकदा बघतात, तो पुन्हा दातांत धरतात आणि ओठ मिटून घेतात. विमल दारात येऊन उभी राहते, काय झालं म्हणून विचारते, पुन्हा विचारते. सर तिच्याकडं बघत राहतात. तोंड उघडत नाहीत.